बंदर चुकलं तर... (एका क्रूझच्या तक्रारीवरून आठवलेला इतिहास)

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. आता घाई असेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका. मागच्या वेळी पाणीपुरवठ्याच्या पोस्टवर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मला लागोपाठ सहा फोन आले. सहाही एकाच भानगडीचे. आपल्या सास्तूर-लोहारा पट्ट्यातली चार कुटुंबं मिळून मुंबईहून क्रूझच्या सहलीला गेली होती. बेत असा की मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपचं अगत्ती बेट बघायचं, येताना गोवा करायचा आणि परत मुंबई. बोट वेळेवर सुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलं की वारा वाढलाय, बेटावर उतरवता येणार नाही, उद्याचा दिवस बोट समुद्रातच राहील आणि मग गोव्यात थोडा जास्त वेळ थांबेल. झालं! गावात बातमी पोचली ती 'आपल्या माणसांना फसवलं' अशीच. 'सर, उद्याच्या अंकात लावाच. फोटोसकट लावा.'

डिप्लोमाला असताना आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती: तक्रारीची बातमी लावायच्या आधी दुसऱ्या बाजूला फोन करायचा. बुकिंग करून देणाऱ्या एजंटला मी तीन फोन केले, चौथा त्याने उचलला. 'माझ्या हातात काय आहे साहेब, समुद्र काय माझ्या बापाचाय का?' असं म्हणाला. उत्तर उद्धट होतं, पण त्यात अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब खाली करू.

आधी त्या चार कुटुंबांपैकी एका निवृत्त गुरुजींचं सांगतो. पेन्शनच्या फरकाचे पैसे आले त्यातून नवरा-बायको गेले होते. बाईंनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. मी विचारलं, 'गुरुजी, मग तो रिकामा दिवस घालवला कसा?' ते म्हणाले, 'सकाळी दहापर्यंत मी खोलीत तोंड फुगवून बसलो. एजंटला मेसेज टाइप करत होतो, रेंजच नव्हती. मग ही वर डेकवर जाऊन बसली ती जेवायलाच खाली येईना. म्हणून बघायला गेलो तर म्हणती कशी, पैसे गेले ते गेले, हितं या आन् पाणी तरी बघा.' मग दोघं दिवसभर तिथंच बसले. दुपारी डॉल्फिन दिसले म्हणे, पाच-सहा. गुरुजींच्या तक्रारीत तो दिवस 'वाया गेलेला दिवस' म्हणून लिहिलाय. पण आठवडाभर पारावर ते सांगतायत ते त्याच दिवसाचं, गोव्याचं नाही.

आपण समुद्रापासून तोडलेली माणसं आहोत, हे यात लक्षात घ्यायला हवं. मुंबई इथून पाचशे किलोमीटर. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि एवढ्या मोठ्या हैदराबाद संस्थानाला वीतभर किनारा नव्हता. त्याची टोचणी खुद्द निजामालाही होती. पोर्तुगिजांकडून मार्मागोवा बंदर मिळावं म्हणून त्याच्या सरकारने बोलणी करून पाहिली होती. ती फळाला आली नाहीत. गंमत बघा, त्याच मार्मागोव्याच्या धक्क्याला आज आपल्या लोहाऱ्याची माणसं क्रूझमधून उतरतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, 'जलदूत' नावाची गाडी, तिचे फोटो काढायला आम्ही सगळे वार्ताहर स्टेशनवर पळालो होतो. पाण्यासाठी रेल्वे बोलावणारा हा मुलूख दहा वर्षांच्या आत पाण्यावर सहलीला जायला लागला, मला तरी याचं कौतुक वाटतं. हसणारे हसोत.

पण समुद्राची सवय नसल्यामुळे एक गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नाही. एसटी चुकली तर दुसरी येते. बोटीचं तसं नसतं. बोटीच्या प्रवासात बेत बदलणं हा अपघात नाही, तो प्रवासाचाच भाग आहे. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

कोकणच्या जुन्या आगबोटी आठवा, म्हणजे ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी घरातल्या कोकणी सुनेच्या किंवा जावयाच्या आजोबांना विचारा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट पणजीपर्यंत जायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी त्यातली मोठी. पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी लोकांच्या तोंडी झाल्या. बहुतेक ठिकाणी बोट थेट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. पडाव म्हणजे मोठी होडी. त्यात पोरंबाळं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, म्हाताऱ्या आया, सगळं हातांनी उतरवायचं. समुद्र खवळलेला असला की पडाव बोटीला भिडवता येत नसे आणि मग बंदर 'चुकायचं'. हर्णैचा माणूस दाभोळला उतरायचा आणि तिथून चालत किंवा बैलगाडीने घरी यायचा. त्यावर कुणी कंपनीच्या नावाने पेपरात पत्र लिहीत नव्हतं. आणि पावसाळ्यात तर सगळा मामलाच बंद. मे संपता संपता शेवटची बोट, मग पावसाळा ओसरेपर्यंत कोकण मुंबईला तुटलेलं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात तो का, हे या हिशेबात कळतं. आपल्याकडं त्या दिवशी फक्त राखी.

आता अगत्तीचं बघा. तिथेही क्रूझ बाहेर उभी राहते आणि माणसांना छोट्या बोटीतून बेटावर नेतात. म्हणजे पडावच. नाव इंग्रजी, बाकी सगळं तेच. आठ-दहा मजली जहाजाला ज्या लाटेचं काही वाटत नाही, त्या लाटेत छोटी बोट जहाजाच्या दारापाशी चार-पाच फूट वर-खाली होते. साठीच्या बाईने त्यात पाय टाकायचा कसा? म्हणून वारा वाढला की सगळ्यात आधी रद्द होतं ते बेट. जिथं पक्का धक्का आहे, ते गोव्याचं बंदर सहसा टिकतं. हे एजंटने तिकीट विकतानाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, ही त्याची चूक. कॅप्टनने बेट टाळलं, ही मात्र कुणाचीच चूक नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतोय, ते सांगायला १९४७ मध्ये जावं लागेल.

१७ जुलै १९४७. गुरुवार. आषाढी अमावास्या, आपल्या भाषेत दिव्याची आवस, मुंबईकरांची गटारी. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' ही बोट रेवसला निघाली. तास-दीड तासाचा रस्ता. मुंबईत गिरण्यांत, गोद्यांत, घरकामाला असलेली अलिबाग-पेणकडची माणसं सणाला गावी चालली होती. बोट १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, म्हणजे काही फार जुनी नव्हे. जिच्या मालकीची ती होती त्या कंपनीला लोक प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. गोऱ्यांच्या कंपन्यांना टक्कर द्यायला स्वदेशीच्या भावनेतून उभी राहिलेली, बोटींना संतांची नावं देणारी. रामदास, तुकाराम, सेंट अँथनी. नावावर लोकांचा विश्वास होता.

धक्का सुटल्यावर थोड्याच वेळात पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ बोट आली, लाटा आत यायला लागल्या, भिजू नये म्हणून आणि घाबरून माणसं एका बाजूला धावली आणि बोट त्या अंगाला कलंडली. काही मिनिटांचा खेळ. सहाशेहून जास्त माणसं गेली. वाचली ती पोहता येणारी आणि रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलेली. दीड तासाच्या अंतरावर एवढं घडलं, पण मुंबईला पत्ता नव्हता. बातमी कळायला दुपार उलटली, तीही पोहत, लाकडाला धरून किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून. याच कंपनीच्या 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन बोटी वीस वर्षांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे धडा आधीच मिळालेला होता.

भर आषाढात, त्या हवेत, भरलेली बोट सोडू नये असा निर्णय त्या सकाळी धक्क्यावर कुणी घेतला असता तर काय झालं असतं? लोक चिडले असते. सण बुडाला म्हणून कंपनीच्या खिडकीवर शिव्या पडल्या असत्या. कदाचित पेपरात एक वैतागलेलं पत्र आलं असतं. आणि आज 'रामदास' हे नाव कुणाला आठवलंही नसतं. आज गेटवे ते मांडवा लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा वैतागणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांसमोर आणावं.

उलट उदाहरण पण सांगतो. १३ जानेवारी २०१२, इटली. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' नावाचं जहाज, चार हजारांवर माणसं. कॅप्टनने ठरलेला मार्ग सोडला, पण वाऱ्यामुळे नाही. जिलिओ बेटाच्या अगदी जवळून जाऊन बेटाला सलामी द्यायची, थोडा रुबाब दाखवायचा म्हणून. खडकाला पोट घासलं, जहाज आडवं झालं, ३२ माणसं मेली. कॅप्टनला १६ वर्षांची शिक्षा झाली. त्यात आणखी एक गोष्ट निघाली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना संकटात कुठं जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं याची तालीम झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. नंतर नियम बदलला, आता तालीम जहाज निघण्याआधी किंवा निघताच घ्यावी लागते. गुरुजींच्या ग्रुपमधल्या एका पोराने मला सांगितलं की त्या भोंग्याच्या वेळी ते स्विमिंग पूलवर रील बनवत होते. बाबांनो, पुढच्या वेळी तसं करू नका. आपल्याच मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. शंभरावर प्रवासी होते, पंधरा जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेट अंगात असणं आणि बाकड्याखाली असणं यात काय फरक असतो, हे त्या दिवशी टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

बरं. हे झालं वाऱ्याचं. बेत मोडण्याचं दुसरं जुनं कारण म्हणजे रोग. २०२२ च्या जानेवारीत मुंबईहून नवीन वर्षासाठी निघालेली कॉर्डेलिया क्रूझ (आर्यन खान प्रकरणामुळे हे नाव माहीत नसलेला माणूस गावात सापडणार नाही) गोव्यात मार्मागोव्याला पोचली. सुमारे दोन हजार माणसं. तपासण्या केल्या तर ६६ जण कोरोनाबाधित निघाले. प्रवाशांना उतरू दिलं नाही, गोवा खिडकीतून बघायचा आणि बोट आली तशी मुंबईला परत. त्याच्या आधी, २०२० च्या फेब्रुवारीत, जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली होती. ३,७११ माणसांपैकी सातशेवर बाधित. त्यात १३८ भारतीय होते, आणि त्यातले १३२ प्रवासी नव्हते, कर्मचारी होते. आपण 'क्रूझवर अडकले' असं वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर सुट्टीवर आलेली माणसं येतात. अडकलेल्यांची ताटं लावणारा, खोल्या पुसणारा मुंबई-गोव्याचा पोरगाही तिथंच अडकलेला असतो आणि त्याला परताव्याचा मेसेज येत नाही.

पण ही कोरोनाची नवलाई नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेग आला, १८९६ चा सप्टेंबर. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईहून दोन बोटी दक्षिण आफ्रिकेला निघाल्या, 'कुरलँड' आणि 'नादरी'. दोन्ही मिळून आठशेच्या आसपास प्रवासी. त्यातल्या एकीवर २७ वर्षांचे वकील मोहनदास गांधी, कस्तुरबा, दोन लहान मुलगे आणि एक भाचा होते. घरच्यांना पहिल्यांदाच सोबत घेऊन निघालेला माणूस. वाटेत जबर वादळ लागलं. १८ डिसेंबरला दरबान बंदर समोर आलं आणि पिवळं निशाण चढवायचा हुकूम झाला, म्हणजे क्वारंटाइन. कारण दाखवलं मुंबईच्या प्लेगचं. खरं कारण वेगळं होतं: हिंदी माणसं उतरूच नयेत म्हणून दरबानच्या गोऱ्यांनी सभा भरवून गोंधळ घातला होता. परत जा नाहीतर समुद्रात ढकलू, अशा धमक्या बोटीवर पोचत होत्या.

तीन आठवड्यांहून जास्त काळ त्या दोन बोटी किनारा दिसत असताना पाण्यात उभ्या होत्या. विचार करा, लहान पोरं, मर्यादित अन्नपाणी, समोर गाव, पण उतरायचं नाही. गांधींनी आत्मकथेत लिहिलंय की प्रवाशांचा धीर टिकावा म्हणून बोटीवर खेळ लावले होते. नाताळाला कॅप्टनने जेवण दिलं, जेवणानंतर भाषणं झाली आणि गांधींनी तिथं पाश्चात्त्य सुधारणेवर भाषण केलं, तिचा पाया हिंसेचा आहे असं म्हणाले. यजमान गोरा कॅप्टन, बाहेर गोरा जमाव, आणि हा माणूस नाताळाच्या टेबलावर हे बोलतोय! १३ जानेवारी १८९७ ला उतरले तेव्हा जमावाने त्यांना गाठून मारलंच. हल्लेखोरांवर खटला चालवायला त्यांनी नकार दिला. सुट्टीचा बेत बदलणं आणि हे प्रकरण यांची बरोबरी मी करत नाहीये, तेवढं कळतं मला. पण अडकलेल्या बोटीवर दिवस कसा काढायचा याचं याहून जुनं आणि नीट नोंदलेलं उदाहरण मला मुंबईच्या बोटींत सापडलं नाही.

आणि आपल्या भागाचा समुद्रप्रवास म्हणाल तर तो पर्यटनाने सुरू झालेला नाही, तो हजने सुरू झाला. उस्मानाबाद, उमरगा, औसा, उदगीर या गावांतले म्हातारे हाजी मुंबईहून बोटीने जात. आधी मुंबईत मुसाफिरखान्यात मुक्काम. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना जुन्या लोकांना अजून आठवतो. बोट कधी सुटेल ते सुटेल, तोवर पिठाचे डबे आणि वळकट्या घेऊन तिथं थांबायचं. १८९७ साली तर प्लेगमुळे इंग्रज सरकारने मुंबईहून हजच्या बोटी सोडणंच थांबवलं. आयुष्यभर पै-पै साठवून निघालेल्या माणसाला 'यंदा नाही' असं सांगितलं गेलं. तेव्हा परतावा नव्हता, पुढच्या वर्षी माणूस असेल की नाही याचीही खात्री नव्हती.

बोट सुटली तरी तांबड्या समुद्रात येमेनजवळ कामरान नावाचं बेट होतं. १८८२ पासून १९५२ पर्यंत तिथं क्वारंटाइनचं ठाणं होतं. हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींना तिथं उतरवायचे, अंघोळ घालायचे, कपडे वाफेच्या यंत्रातून काढायचे आणि बोटीवर रोगी निघाला तर ठेवून घ्यायचे. तिथं किती मुक्काम पडेल याचा नेम नसे. पुढच्या काळात मोगल लाइनच्या बोटी धावल्या, 'अकबरी', 'नूरजहाँ'. १९९५ साली समुद्रमार्गे हज बंद झाला. त्यानंतर विमान. बोटीने गेलेल्या हाजींची शेवटची पिढी आता ऐंशीच्या पुढची आहे. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट मला दरवेळी दिसते: प्रवासाचे दिवस, एकमेकांच्या चुली, उलट्या करणाऱ्या शेजाऱ्याला लिंबू देणं, डेकवरची नमाज, हे ते मक्केइतक्याच आपुलकीने सांगतात.

बाकी थोडक्यात. १९१८ च्या वसंतात होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन टिळक इंग्लंडला निघाले. जर्मन पाणबुड्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालून जायचं ठरलं होतं. कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथं सरकारने पासपोर्टच रद्द केले. परतताना मद्रासेत सभा गाजवल्या आणि त्याच सप्टेंबरात चिरोल खटल्यासाठी गेलेच, तेरा महिने राहून आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून अभ्यास अर्धवट सोडून परत येत होते. स्वतः एका बोटीने, पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. घरच्यांना बोट बुडाल्याचं कळलं तेव्हा त्यांचं काय झालं असेल! पुस्तकं, कागद, सगळं तळाला गेलं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेलं पुरं करूनच आले. १९४१ साली आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले होते ते हेच बाबासाहेब.

तर आता पैशाचा हिशेब, कारण गुरुजींच्या पेन्शनचा प्रश्न आहे आणि इतिहास सांगून मी तो झाकणार नाही.

वाऱ्यामुळे बंदर बदलायचा अधिकार कॅप्टनला असतो आणि तिकिटाच्या अटींत तो लिहिलेला असतो. त्यावर भांडून उपयोग नाही, आणि भांडूही नये. पण ज्या बंदरात बोट गेलीच नाही त्या बंदराचं शुल्क तुमच्याकडून घेतलं असेल तर ते परत मागायला काहीच हरकत नाही. बेटावरच्या फेरीचे, स्नॉर्कलिंगचे वेगळे पैसे भरले असतील तर तेही. या चार कुटुंबांपैकी दोघांकडे कंपनीची पावतीच नाही, एजंटच्या मोबाईलवरून आलेला एक फोटो आहे आणि त्यात एकूण आकडा सोडून काही नाही. भाडं किती, कर किती, बंदराचं शुल्क किती, एजंटचं किती, काहीच फोड नाही. माझ्या मते बातमी झाली तर ती इथं आहे. 'वारा सुटला' ही बातमी नव्हे.

कंपनीला आणि एजंटला आधी लेखी पाठवा, ईमेल चालतो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे धाराशिवलाच तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

पुढच्या हंगामात जाणार असाल (दोन ग्रुप तयार होतायत असं कानावर आहे), तर एवढं करा: बोट सुटायच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, लातूर एक्स्प्रेस सकाळी उशिरा पोचली म्हणून बोट थांबत नाही. औषधं दोन दिवसांची जास्त ठेवा. बेटासाठी म्हणून जाऊ नका, बोटीसाठी जा. बेट मिळालं तर मिळालं. आणि म्हाताऱ्या माणसांना खिडकीच्या खोलीपेक्षा डेकवर सावलीतली खुर्ची मिळेल असं बघा. हा सल्ला माझा नाही, गुरुजींच्या बाईंचा आहे.

गुरुजींची तक्रार मी रविवारी त्यांच्यासोबत बसून लिहून देणार आहे. इतर तीन कुटुंबांनी पण पावत्या, मेसेज, बँकेच्या नोंदी घेऊन यावं, एकत्र दिली तर वजन पडेल. एजंटचं म्हणणंही मी छापणार, हे त्यालाही सांगितलंय.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या हजच्या बोटीचं तिकीट, पास, मुसाफिरखान्याची चिठ्ठी, बोटीवर काढलेला फोटो असं काही जपून ठेवलेलं असेल, त्यांनी त्याचा नीट उजेडात फोटो काढून मला पाठवा. १९९३ च्या भूकंपात आपल्याकडची बहुतेक जुनी कागदपत्रं ढिगाऱ्याखाली गेली, उरलंय ते पेट्यांच्या तळाशी आहे. मूळ कागद कुणाला देऊ नका, मलाही नाही. फक्त फोटो, आणि मागे कुणाचं, कोणत्या साली, एवढं दोन ओळींत लिहून.